पौर्णिमेच्या रात्री समुद्रकिनारी तंबू : शिरपूरहून निघण्याआधीचे भरतीचे गणित

शिरपूरच्या माणसाला पाणी चढणे नवे नाही. तापीला पूर येतो तो वर पाऊस झाला म्हणून किंवा हतनूर धरणाचे दरवाजे उघडले म्हणून. त्याची बातमी आधी येते, सुलवाडे बॅरेजकडून इशारा मिळतो, गावात दवंडी फिरते. समुद्र मात्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, त्यासाठी पाऊस लागत नाही आणि इशाराही येत नाही. खानदेशातून तंबू किंवा कॅरव्हॅन घेऊन किनाऱ्यावर मुक्कामाला जाणाऱ्यांचा घोळ बहुधा इथेच होतो.

चांदणे हवे आणि भरती नको

मुक्कामाची तारीख ठरवताना बहुतेक जण पौर्णिमा निवडतात. कोजागिरीला किनाऱ्यावर दूध आटवायचे, हा बेत ऐकायला छानच आहे. पण पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, दोघांचे ओढणे एकत्र होते आणि भरती सर्वांत मोठी येते. तिला उधाण म्हणतात. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो. अष्टमीच्या आसपास चढ-उतार सर्वांत कमी असतो, तो भांग.

भरतीची वेळ काढण्याचे कोकणातले जुने गणित सोपे आहे. तिथीच्या आकड्याला पाऊण पटीने गुणले की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनला भरती, तर नऊला ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. हिशेब शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना लागतो. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो.

आता हेच गणित पौर्णिमेच्या मुक्कामाला लावून पाहा. मध्यरात्री पूर्ण भरती, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. शिरपूरहून सकाळी निघालेली मंडळी नेमकी सूर्यास्ताला पोहोचतात. समोर लांबच लांब मोकळी, घट्ट, सपाट वाळू दिसते आणि समुद्र कुठेतरी दूर असतो. तंबू तिथेच ठोकला जातो. पाणी येते ते सगळे झोपल्यावर.

पाणी किती वेगाने येते

भरती साधारण सहा तासांची, पण चढण्याचा वेग सारखा नसतो. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी वाढते, असा खलाशांचा ठोकताळा आहे. समजा एकूण चढ ४.८ मीटर आहे. तिसऱ्या तासात पाणी १.२ मीटर वर येईल. किनाऱ्याचा उतार शंभर मीटरला एक मीटर इतका मंद असेल, तर त्या तासात पाण्याची कड १२० मीटर पुढे सरकते, म्हणजे मिनिटाला दोन मीटर. पहिला तासभर पाणी हललेलेच दिसत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो.

हा चढ सगळीकडे सारखा नसतो. मालवण-गोव्याकडे तो दोन-सव्वादोन मीटर, मुंबई-डहाणूकडे उधाणाला चार मीटरच्या पुढे-मागे, आणि खंबायतच्या आखातात भावनगरजवळ दहा मीटरच्या आसपास. आखात नरसाळ्यासारखे निमुळते आहे आणि तळ उथळ. आत शिरलेले पाणी दाटते आणि उंच होते.

शिरपूरकरांना हे कळणे जरुरीचे आहे, कारण आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र याच आखाताच्या तोंडाशी आहे. आपली तापी उकाईतून पुढे सुरतेला जाऊन दुमस-हजिराजवळ समुद्राला मिळते. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. दुमसची काळी वाळू आणि भजी खाऊन संध्याकाळी परतायला हरकत नाही. मुक्कामाला मात्र ती जागा आम्ही सुचवणार नाही. चढ-उतार मोठा, चिखलाचा भाग बराच आणि नदीच्या मुखाशी ओहोटीची ओढ फार. पाऊणपटीचे गणितही तिथे लावू नये, कारण आखातात आत जावे तशी भरती मुंबईपेक्षा बरीच उशिरा लागते.

त्यापेक्षा शंभरेक किलोमीटर जास्त पडले तरी धुळे, नाशिक, जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी बरे. बोर्डीचा किनारा मंद उताराचा आहे, ओहोटीला पाणी खूप आत जाते. मागे सुरूची झाडे आणि चिकूच्या वाड्या आहेत. तंबू वाडीत, मालकाला विचारून. वाळूवर फक्त फिरणे.

जागा कशी वाचावी

किनाऱ्यावर शेवाळ, शिंपले, काड्या आणि प्लास्टिकची एक आडवी ओळ पडलेली असते. शेवटच्या भरतीचे पाणी तिथवर आले होते. पण तेवढ्यावर विसंबू नका. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. हिवाळ्यात, म्हणजे मुक्कामाच्या खऱ्या हंगामात, उधाणाची रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा मोठी असते. दुपारची ओळ पाहून तंबू ठोकला तर रात्री फसगत होते. जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरणारी मर्यादवेल जास्त भरवशाची. रोज खारे पाणी फिरते तिथे ती टिकत नाही. तिच्याही मागे जा, पण तिला तुडवू नका, वाळू तीच धरून ठेवते. नारळाखाली तंबू नको, कारण सांगायला नकोच. पाठीमागे खाडी किंवा ओहळ नाही ना, तेही पाहा. भरतीत आधी तीच भरते आणि परतीची वाट बंद होते. अलिबागचा कुलाबा किल्ला याचे उत्तम उदाहरण आहे. ओहोटीला चालत जाता येते, पण वेळ चुकली तर होडीची वाट पाहत बसावे लागते.

वाळूत साधी खुंटी धरत नाही. शेतातली रिकामी गोणी वाळूने भरून, दोरी बांधून हातभर खोल पुरली की तंबू वाऱ्याला टिकतो.

गाडी ओल्या वाळूवर नेऊ नये. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीचे पाणी शिरताच भुसभुशीत होते आणि चाके रुततात. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना बंदीही आहे. कॅरव्हॅनसाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्वतंत्र पर्यटन धोरण आणले. वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या ठिकाणीच गाडी लावावी, हे त्यातून कळते.

मग कोणती तिथी धरावी?

शुद्ध नवमी-दशमी. दशमीला भरती साडेसातच्या सुमारास. संध्याकाळी पाणी कुठवर येते ते डोळ्यांनी दिसते, मध्यरात्रीनंतर ओहोटी असते आणि पुढची भरती सकाळी आठला, सगळे जागे असताना. चढही उधाणापेक्षा कमी. चांदणे मध्यरात्र उलटेपर्यंत पुरते. कोजागिरीच हवी असेल तर दूध वाडीत आटवा.

नक्की वेळ आणि उंचीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. हैदराबादचे महासागर माहिती केंद्र, म्हणजे इन्कॉइस, उंच लाटांचे इशारे देते. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे इशारे जरूर पाहावेत, कारण एप्रिल-मेमध्ये दूर दक्षिणेच्या महासागरातून आलेल्या लाटा वारा नसतानाही किनाऱ्यावर चढतात. जून ते ऑगस्ट मुक्कामाचा विचारच नको. समुद्रात कोणी अडकलेले दिसले तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि इतर वेळी ११२. दोन्ही क्रमांक आणि मुक्कामाच्या दिवसाच्या भरतीच्या वेळा निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा. किनाऱ्यावर नेटवर्क असेलच असे नाही.