राज्यकवी (अमेरिका)

अमेरिकेतील एखादे घटक राज्य ज्याला आपला अधिकृत कवी नेमते, तो राज्यकवी. बडोदे संस्थानाने 1940 मध्ये मराठी कवी यशवंतांना राजकवी केले, तो दरबारी मान होता. अमेरिकेत मात्र साधारणपणे विधिमंडळाचा ठराव किंवा कायदा आणि गव्हर्नरची नेमणूक लागते. मानधन बेताचेच, काही ठिकाणी तेवढेही नाही.

सुरुवात कॅलिफोर्नियाने केली. सॅन फ्रान्सिस्कोत 1915 मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात आयना कूलब्रिथ यांना हा किताब मिळाला. ऑकलंडच्या ग्रंथालयात नोकरी करताना त्यांनी एका गरीब मुलाला वाचनाची वाट दाखवली होती. तो मुलगा म्हणजे पुढचा कादंबरीकार जॅक लंडन. नेब्रास्काने 1921 मध्ये जॉन नायहार्ट यांना नेमले, ते 1973 मध्ये वारले तेव्हाही पदावरच होते. अलीकडे अनेक राज्ये ठरावीक मुदत घालतात.

कामाचे स्वरूप कायद्यात मोघम असते, त्यामुळे पद मोठे होते ते माणसामुळे. कवितेचे पुलित्झर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका ग्वेंडोलिन ब्रुक्स 1968 पासून 2000 मधील मृत्यूपर्यंत इलिनॉयच्या राज्यकवी होत्या. शाळा आणि तुरुंगांमध्ये त्या जात राहिल्या. शाळकरी मुलांच्या काव्यस्पर्धेची बक्षिसे तर पदरमोड करून देत.

कवीने सरकारला अडचणीत आणले तर काय, हा प्रश्न न्यू जर्सीत उभा राहिला. अमीरी बराका यांना 2002 मध्ये नेमले गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांवरची आपली कविता एका महोत्सवात वाचली. इस्रायली कामगारांना हल्ल्याची आगाऊ कल्पना होती, ही बिनबुडाची वदंता तिच्यात होती. ज्यूविरोधाचा आरोप झाला आणि तो गैरवाजवी नव्हता. गव्हर्नर मॅकग्रीव्ही यांनी राजीनामा मागितला, बराकांनी साफ नकार दिला. पेच असा, की नेमणुकीच्या कायद्यात कवीला हटवण्याची सोयच नव्हती. मग 2003 मध्ये विधिमंडळाने ते पदच रद्द केले. माणूस नको म्हणून खुर्चीच मोडण्याचा हा मार्ग कायदेशीर असला, तरी शहाणपणाचा म्हणता येत नाही. बराका न्यायालयात गेले. 2007 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. त्यांच्या नेवार्क शहरातील सरकारी शाळांनी मात्र डिसेंबर 2002 मध्येच त्यांना आपले कवी नेमले होते.