गोठलेला अपघात

१/ १९५७ साली फ्रान्सिस क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी एक विलक्षण देखणे गणित मांडले. जनुकीय लिपीत अक्षरे चार. तीन-तीन अक्षरांचे शब्द केले तर होतात ६४. प्रथिने घडवणारी अमिनो आम्ले मात्र २०. मेळ बसायचा कसा?

२/ या लिपीत स्वल्पविराम नाही. वाचन भलत्या अक्षरापासून सुरू झाले, तर तिथे पडणारा शब्द निरर्थकच असला पाहिजे, असे त्यांनी गृहीत धरले. मग ‘यूयूयू’सारखे एकाच अक्षराचे ४ शब्द बाद, कारण दोन शेजारी आले की सुरुवात कळणार नाही. उरलेल्या ६० शब्दांचे, तीच अक्षरे चक्राकार फिरवून, तिनाचे २० गट पडतात. प्रत्येक गटातला एकच सार्थ. उत्तर नेमके २०! इतके सुबक उत्तर चूक असेल, अशी शंका तरी कोणाला यावी?

३/ २७ मे १९६१, बेथेस्डा, अमेरिका. मार्शल निरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत हाइनरिक माथेई यांनी जिवाणूंच्या अर्कात केवळ ‘यू’ अक्षराची बनलेली आरएनए साखळी मिसळली. तयार झाली फेनिलॲलॅनिन या एकाच आम्लाची साखळी. गणिताने निरर्थक ठरवलेला ‘यूयूयू’ हाच पहिला वाचला गेलेला शब्द ठरला.

४/ १९६६पर्यंत संपूर्ण कोष्टक हाती आले. त्यात तत्कालीन पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेले हरगोविंद खोराना यांचा वाटा मोठा. कोष्टक मात्र ओबडधोबड : ल्यूसिनला सहा शब्द, ट्रिप्टोफॅनला एकच, आणि तीन शब्द नुसते ‘थांबा’ सांगणारे.

५/ ही विषम वाटणी कशी झाली? १९६८ साली क्रिक यांनीच सुचवलेले उत्तर गणिताचे नव्हते, इतिहासाचे होते : गोठलेला अपघात. आरंभीच्या जीवांत कोणता शब्द कोणत्या आम्लाला मिळाला, हा बराचसा योगायोग. पुढे प्रथिने वाढली, गुंतागुंतीची झाली. आता एका शब्दाचा अर्थ बदलला तर असंख्य प्रथिने एकदम बिघडणार. म्हणून जुनी वाटणी पुढच्या वंशांना तशीच मिळत गेली.

६/ कार्ल वूस यांना हे पटले नव्हते. शब्द आणि आम्ले यांच्यात रासायनिक ओढ असावी, असे त्यांचे मत. १९९८ साली स्टीफन फ्रीलँड आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी संगणकावर दहा लाख पर्यायी संकेत रचले. अक्षर चुकल्यास होणारी हानी कमी राखण्यात निसर्गाच्या संकेताहून सरस एकच निघाला. निव्वळ योगायोगाला एवढे साधत नाही.

७/ शिवाय गोठणेही पूर्ण नव्हते. १९७९ साली उघड झाले की, मानवी पेशींतील तंतुकणिका ‘यूजीए’ हा शब्द ‘थांबा’ असा न वाचता ट्रिप्टोफॅन असा वाचतात. त्यांच्या स्वतःच्या डीएनएतून जेमतेम १३ प्रथिने घडतात. एवढ्याशा पोथीत एका शब्दाचा अर्थ पालटणे परवडले असावे.