बकासुराचा धाकटा भाऊ

अंजनीकाठच्या एरंडोलला जुनी माणसे एकचक्रानगरी म्हणतात. गावाकडून गाडाभर अन्न घेणाऱ्या बकासुराला भीमाने जवळच्या पद्मालयाच्या रानात मारले, अशी येथील लोकांची श्रद्धा. त्याच पद्मालयात गणपतीच्या दोन स्वयंभू मूर्ती आहेत. गणरायाचे वाहन आठवले, की वाटते, बकासुर मेला खरा. पण त्याचा हा धाकटा भाऊ मात्र देवाच्या आश्रयाने जगला!

बकासुराचा गाडा निदान मोजून तरी जाई. उंदराचा वाटा कोणी मोजावा? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून भूक नसली तरी तो कुरतडतो. आणि खातो त्याहून अधिक मलमूत्राने नासवतो. घूस तर शेतातली कणसे बिळात नेऊन साठवते. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी ज्वारी-बाजरी पेवात पुरली, कणगीत भरली, बळदात कोंडली. धान्यात कडुनिंबाचा पाला घातला तो किडीसाठी. कणगीला शेणामातीचे लिंपण केले ते फटी बुजाव्यात म्हणून.

पण कधी कधी शत्रू घराबाहेरच गाठतो. 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ सरला, पाऊस झाला, पिके उभी राहिली. आणि नगर, पुणे, सोलापूरकडील शेतांत उंदरांच्या झुंडी उतरल्या. अखेर सरकारने मारलेल्या उंदरांवर बक्षीस लावले. दुष्काळाने जे सोडले होते, ते उंदरांनी नेले.

याहून भयंकर प्रसंग पुढेच होता. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. व्हिएगास यांना प्लेगचा रोगी आढळला. माणसांआधी तेथे उंदीर मरत होते. उंदरावरची पिसूच रोग पसरवते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली कराचीत दाखविले. तोवर माणसांबरोबर आणि मालाबरोबर साथ दूरदूर गेली होती. ती खानदेशातही आली. ‘घरात उंदीर पडला’ एवढे ऐकले, की माणसे भरल्या कणग्या मागे टाकून रानात झोपड्या घालीत. ज्या धान्यासाठी वर्षभर राबावे, त्याच्याच शेजारी मरण दबा धरून बसले होते!

आज पेवे बुजली, पत्र्याच्या कोठ्या आल्या. तरीही दिवाळीच्या आधी कोनाकोपरा झाडताना घरधनीण एखादे बीळ बुजवतेच. भीमाला एकदाच लढावे लागले. या माउलीची लढाई मात्र दरसाल असते.