दफ्तर कुणाच्या वाड्यात

"शेत आपलं, पण कागूद त्याच्या वाड्यात. मंग मालक कोण?" हे आमच्या आबांचं नेहमीचं वाक्य. 'तो' म्हणजे पटवारी. निजामाच्या राज्यात बीड जिल्ह्यातल्या गावांत पटवारकी वतनी होती, बापामागून लेकाकडे जाणारी. गावाचं दफ्तर त्याच्याच वाड्यात, माडीवर, रुमालांत बांधून ठेवलेलं. वरच्या कचेरीचा कारभार उर्दूत, गावातल्या नोंदी पुष्कळदा मोडीत. ज्याच्या नावावर शेतसारा चढायचा त्याला आपलं नाव कुठे लिहिलंय तेही वाचता येत नसे. आणि वाचता येत असतं तरी रुमाल सोडून दाखवणार कोण?

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला आणि संरक्षित कुळांच्या याद्या व्हायला लागल्या. आमचे पणजोबा दुसऱ्याची जमीन कसत होते. यादीत नाव लागलं का, हे विचारायला ते पटवाऱ्याकडे जायचे. "लागलंय, लागलंय," एवढंच उत्तर मिळायचं. यादी त्यांना कधी दाखवली गेली नाही. मग १९५४-५५ चं खासरा पत्रक झालं. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद निघाला की वकील पहिल्यांदा तेच मागतो. त्यात कसणाऱ्याच्या रकान्यात भलतंच नाव होतं. ते कळलं कित्येक वर्षांनी. नकलेसाठी अर्ज दिला, तिकीट लावलं, अर्जनवीसाला पैसे दिले. आबा सांगायचे, "नक्कल हातात आली तवा अपिलाची मुदत सरलेली व्हती." पणजोबांची हार कोर्टात झालीच नाही. ती नकलेच्या खिडकीवर झाली.

पुढे कोर्टात जायचं म्हटलं तरी कुठल्या? हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. १९५६ पर्यंत आमचं हायकोर्ट हैदराबादला होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि ते मुंबईला गेलं. बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने मुंबईत वकील लावायचा! औरंगाबादला न्यायमूर्ती बसायला लागले ते ऑगस्ट १९८१ मध्ये, आणि तेही सुखासुखी नाही. त्याविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथे खंडपीठाच्या बाजूने निकाल लागला. आबा त्या सगळ्या बातम्या पारावर वाचून दाखवायचे. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य दोनदा आलं होतं, एकदा १९४८ ला आणि दुसऱ्यांदा हायकोर्ट औरंगाबादला आलं तेव्हा.

आजीची गोष्ट वेगळी, पण मला ती जास्त टोचते. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. लेकरांना सुकडी मिळायची म्हणून सगळ्यांना घेऊन जायची. आठवड्याला मस्टरवर अंगठा. अंगठ्यापुढे किती दिवस मांडलेत, किती मजुरी लिहिली आहे, तिला ठाऊक नव्हतं. मुकादम म्हणेल ते घ्यायचं. पुढे कुणी तरी बोलता बोलता म्हणालं की वारलेल्या म्हातारीचाही अंगठा त्या मस्टरवर लागत होता. आजीने विचारलं, "मंग माझ्या नावापुढं काय लिवलं व्हतं?" याचं उत्तर तिला मरेपर्यंत कुणी दिलं नाही. ते मस्टर सरकारी होतं, म्हणजे बघायचं नव्हतं. देशभर हीच रीत होती. १९२३ चा इंग्रजांचा गोपनीयतेचा कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला होता.

हाच प्रश्न राजस्थानातल्या मजुरांनी चव्हाट्यावर आणला. मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेऊन मस्टर मोठ्याने वाचलं आणि १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. रोजगार हमीचा कायदा मात्र त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने केला होता. काम मागायचा हक्क आम्ही देशाला दाखवला. त्या कामाचा कागद मागायला राजस्थानने शिकवलं. हे मान्य करायला मला जड जातं, पण खरं तेच आहे.

न्यायालयांनी वाट आधीच थोडी मोकळी केली होती. राजनारायण खटल्यात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी काम जनतेच्या वतीने कसं चालतं ते जाणण्याचा हक्क जनतेला आहे. १९८६ मध्ये पुण्याच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाने बांधकाम परवानग्यांचे कागद दाखवायला नकार दिला, तेव्हा बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि कागद पाहण्याचा हक्क मिळवून आला. माहितीचा कायदा देशात यायला तेव्हा एकोणीस वर्षं होती. मध्ये महाराष्ट्राचा २००० चा कायदा आला, तो लुळा होता. आमच्या आष्टी तालुक्याच्या हद्दीपलीकडचे, नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे उपोषणाला बसले, तेव्हा कुठे २००३ च्या ऑगस्टमध्ये दमदार कायदा मिळाला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, उशिराला रोज अडीचशे रुपये दंड, जास्तीत जास्त पंचवीस हजार. नुसती प्रत नाही, कचेरीत बसून दफ्तर डोळ्यांनी पाहण्याचाही हक्क. पणजोबांना एवढंच तर हवं होतं.

त्याच २००५ च्या २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने बीड जिल्ह्याविषयी एक निकाल दिला. तो वाचताना माझी मान खाली गेली. प्रकरण स्वातंत्र्यसैनिकांच्या मानधनाचं होतं. रझाकारांच्या काळात निजामाविरुद्ध ज्यांनी काही केलं नाही अशा कितीतरी लोकांनी खोट्या कागदांवर मानधन मिळवलं होतं. उच्च न्यायालयासमोर तक्रार गेली, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांनी प्रकरणं तपासली, आणि मानधनं रद्द झाली. आबांचे चुलते त्या काळात नगर हद्दीतल्या शिबिरात होते. भूमिगत माणसाकडे पावती कुठली असणार? त्यांनी अर्जच केला नाही. "ज्यानं केलं त्याच्याकडं कागूद नाही, ज्याच्याकडं कागूद त्यानं केलं नाही," असं आबा म्हणायचे, आणि ते थट्टेने नव्हे. गावोगावच्या या याद्या पहिल्या दिवसापासून चावडीवर लावल्या असत्या तर एवढी चौकशी लागलीच नसती. कोण कुठे होतं, हे गावाला माहीत असतं.

कायदा आल्यावर कागद मागणाऱ्यांची किंमतही कळली. २०१० च्या एप्रिलमध्ये परळी तालुक्यातल्या वाघबेटच्या विठ्ठल गित्ते यांचा जीव गेला. शिक्षणसंस्थेतला गैरकारभार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढला होता, असं तेव्हा वृत्तपत्रांनी लिहिलं. त्याच वर्षी जानेवारीत तळेगाव दाभाड्याला सतीश शेट्टींचा खून झाला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. पण संरक्षण कागदावर मिळतं आणि अर्जदार गावात राहतो. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, संस्थाचालक सगळे त्याच गल्लीत. अर्ज देण्याआधी घरची बाई विचारते, "कशाला?" हा प्रश्न भित्रेपणाचा नाही.

रोजगार हमीचा कागदही पुन्हा कोर्टात गेला. २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने बीडच्या रोजगार हमीतल्या गैरव्यवहाराच्या याचिकेत चौकशी नीट होत नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची बदली करायला सांगितलं. आजीचा १९७२ चा सवाल जवळपास पन्नास वर्षांनी त्याच जिल्ह्यात न्यायमूर्तींसमोर होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माहिती आयोगाच्या औरंगाबाद खंडपीठाने अलीकडे बीडच्या एकाच अर्जदाराची साडेसहा हजारांहून जास्त अपिलं एका फटक्यात फेटाळली. एवढे अर्ज एकाच माणसाचे असतील तर विधवेचं एक अपील त्यांच्या मागे अडकतं, हे मी नाकारत नाही. पण त्यावरचा इलाज कायद्याच्या चौथ्या कलमातच आहे. कुणी मागायच्या आधीच कार्यालयाने आपला कारभार जाहीर करावा. ते झालं तर हजारो अर्जांचं कारणच उरत नाही.

ते करता येतं, हे २०२३ नंतर दिसलं. मनोज जरांगे पाटील मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या मातोरीचे. त्यांच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दफ्तरं धुंडाळली गेली. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. मराठवाड्यात जुन्या नोंदींची पानं संकेतस्थळांवर चढली. आरक्षणाच्या वादात कोण कुठे उभा आहे ते बाजूला ठेवा. सत्तर वर्षं रुमालात असलेली पानं लोकांनी आपापल्या मोबाइलवर पाहिली.

आणि नेमकं याच वेळी कायदा आकसतो आहे. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याच्या सेवेची आणि मालमत्तेची माहिती व्यक्तिगत ठरवली. तरी माहिती अधिकार कायद्यात व्यक्तिगत माहिती नाकारू देणाऱ्या पोटकलमातच व्यापक जनहिताची खिडकी होती. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ती तिथून काढली. आता माहिती 'व्यक्तिगत' आहे एवढं म्हणणं नकाराला पुरतं. पण मस्टर म्हणजे काय? माणसांची नावं. मानधनाची यादी, खासरा पत्रकातला कसणाऱ्याचा रकाना, घरकुलाचे लाभार्थी, सगळी नावंच. हे झाकलं तर गावाच्या दफ्तरात बघण्यासारखं उरतं काय?

कलम ८(२) मात्र शाबूत आहे. नुकसानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते सांगते. पूर्वी नकाराचं कारण अधिकाऱ्याला शोधावं लागे. आता जनहिताचं कारण आपल्याला मांडावं लागेल. बीड, केज, गेवराई, माजलगावात अर्ज लिहून देणाऱ्या पोरांना मी हेच सांगते. पहिल्याच अर्जात ८(२) चा उल्लेख करा, जनहित दोन ओळींत लिहा, प्रतीसोबत दफ्तर पाहण्याचीही मागणी करा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.