डेव्हिसचे सायकलमार्ग : एका विद्यापीठनगरीतील प्रयोगाचा इतिहास

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डेव्हिस ही लहानशी विद्यापीठनगरी आहे. १९६० नंतर तेथील कुलगुरू एमिल म्राक यांनी विद्यार्थ्यांना सायकल घेऊन येण्याचे आवाहन केले. विद्यार्थिसंख्या वाढली, तशी रस्त्यांवर सायकली व मोटारी यांची दाटी होऊ लागली. हॉलंडमधील हेग येथे वास्तव्य करून आलेले फ्रँक व ईव्ह चाइल्ड हे दांपत्य आणि त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्र सायकलमार्गांची मागणी लावून धरली. १९६६ च्या नगरपरिषद निवडणुकीत हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९६७ मध्ये मार्ग प्रत्यक्षात उतरले.

अनुकरणासाठी देशात नमुना नव्हता, म्हणून निरनिराळ्या रचना करून पाहण्यात आल्या. सिकॅमोर लेनवर काँक्रीटचे अडथळे घालून सायकलमार्ग मोटारींपासून वेगळा काढला गेला. काही ठिकाणी तो उभ्या मोटारी व पदपथ यांच्यामधून नेला, तर अन्यत्र रहदारीलगत केवळ रंगाचा पट्टा ओढला. पहिल्या दोन रचना सकृद्दर्शनी अधिक सुरक्षित होत्या. चौकात मात्र त्यांचा दोष उघड झाला : वळणाऱ्या मोटारचालकाला आडोशातून येणारा सायकलस्वार वेळेवर दिसत नसे. अखेर पट्टाच टिकला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी या प्रयोगांचा अभ्यास केला. डेल व डोना लॉट यांनी १९७६ मध्ये अपघातांचे दहा प्रकार पाडून पट्टा असलेल्या व नसलेल्या रस्त्यांची तुलना प्रसिद्ध केली.

रंगाचा पट्टा हीच पुढे कॅलिफोर्नियात प्रमाण रचना झाली. येथे एक गल्लत झाली असे म्हणावे लागते. दोष चौकाच्या आखणीत होता. शिक्षा मात्र अडथळ्यांच्या मार्गाला झाली.

विद्यार्थ्यांचा वाटा केवळ स्वारांचा नव्हता. त्यांच्या संघटनेचे सायकल दुरुस्ती केंद्र १९७१ पासून चालत आले आहे, आणि नगराच्या सायकल धोरणाचा पन्नास वर्षांचा इतिहास थिओडोर ब्यूलर या विद्यार्थ्याने २००७ मधील पदव्युत्तर प्रबंधात मांडला.

चौकाचा जुना प्रश्न पुढे २०१५ मध्ये डेव्हिसनेच पुन्हा हाती घेतला. कोव्हेल बुलेव्हार्ड व जे स्ट्रीट यांच्या चौकात कोपऱ्यांवर लहान बेटे बांधून सायकलींची ओलांडणी थोडी मागे सरकवली. त्यामुळे मोटार वळून सरळ होते, तेव्हा सायकलस्वार चालकाच्या नजरेसमोर असतो.