नांदेड ते अमृतसर : अंतर कोणी मोजले?

नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेसने जायचे तर सुमारे दीड दिवस लागतो. दोन्ही विमानतळांमधले हवाई अंतर मात्र सुमारे १४१० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते पावणेदोन तासांत कापता येते. चढणे-उतरणे धरून दोन-सव्वादोन तास. पण आकाशात मैलाचे दगड नसतात. मग हे अंतर कळले कसे?

या प्रश्नाचा धागा आपल्याच भागातून जातो. कंधारच्या पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटरवरून, बीदरकडून विदर्भाकडे, भारताच्या महाकंसाची त्रिकोणांची साखळी गेली आहे.

या मोजणीची सुरुवात विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ केली. शंभर फुटी पोलादी साखळीने त्याने सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. नवी बाजू हीच पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवत, निशाणे आणि दिवे रोखत ही साखळी उत्तरेकडे सरकली. ताऱ्यांच्या वेधांवरून अक्षांश काढले, की एका अंशात किती अंतर बसते ते कळते. काम अपुरे असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट येथे लॅम्बटनचे निधन झाले. जॉर्ज एव्हरेस्टने ते पुढे नेले.

मोठी भीती होती चुकीची. एका कोनातली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरते. म्हणून १८४१ मध्ये बीदरची आधाररेषा पुन्हा प्रत्यक्ष मोजण्यात आली. साडेसहाशे किलोमीटरहून दूर असलेल्या सिरोंजच्या आधाररेषेपासून त्रिकोण जोडत तिची लांबी आधीच गणिताने काढलेली होती. साडेबारा किलोमीटरच्या रेषेत दोन्ही उत्तरांमधला फरक निघाला अवघा चार इंचांच्या आसपास!

एव्हरेस्टने १८३० मध्ये दिलेली पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७७.२७६ किलोमीटर होती. आज उपग्रहांवर आधारित मापन ६३७८.१३७ किलोमीटर वापरते. फरक एक किलोमीटरहूनही कमी.

आता वर्गात हे करून पाहू. नांदेड आणि अमृतसर यांच्या अक्षांशांत सुमारे १२.५ अंशांचा फरक आहे. एक अंश म्हणजे या भागात ११०.८ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर अंतर १३८५ किलोमीटर. रेखांशांतला फरक २.५ अंश. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून येथे एक अंश सुमारे १००.६ किलोमीटरचाच भरतो. पूर्व-पश्चिम अंतर २५२ किलोमीटर. पायथागोरसचे प्रमेय लावले की उत्तर येते सुमारे १४०८. पृथ्वीच्या गोलाईचा काटेकोर हिशेब न करताही आपण विमानतळांमधल्या अंतराच्या अगदी जवळ पोचतो.

विद्यार्थ्यांनी हे गणित सोडवले, की त्यांना एक गोष्ट जरूर सांगावी : यातला ‘११०.८’ हा आकडा पुस्तकात आपोआप आलेला नाही. तो मिळवण्यासाठी माणसे ताप, पाऊस आणि रान सोसत आपल्याच माळरानांवरून चालत गेली होती.