न सांगितलेलं वर्तुळ
इथे आरे कॉलनीतल्या दहावीच्या कुठल्याही मुलाला विचारा: चक्रीय चौकोनाचा एक कोन ७० अंश, तर समोरचा किती? ११०, लगेच सांगेल. संमुख कोन पूरक. युक्लिडच्या तिसऱ्या ग्रंथातलं प्रमेय. पण ‘चक्रीय’ ही अट आपण विसरलो, की घोळ होतो.

ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ काढण्याचं सूत्र दिलं. चौकोन वर्तुळातला हवा, हे स्पष्ट म्हटलं नाही. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त तिथेच बोट ठेवलं. कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटलं! चार सारख्या पट्ट्या टोकांना खिळ्यांनी जोडा आणि चौरस जरा दाबा. बाजू त्याच, कोन बदलले, क्षेत्रफळ घटलं. तीच चौकट वर्तुळात बसवायची तर चौरसच करावी लागेल. म्हणजे दोघेही बरोबर. वर्तुळ तेवढं अध्याहृत राहिलं.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख त्याची साक्ष देतो.

आम्ही तत्त्वज्ञानवाले. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांचे निष्कर्ष तपासले, गृहीतकं विचारायची राहून गेली. तेव्हा कोन शोधण्याआधी एवढंच विचारू या: चारही बिंदू खरंच वर्तुळावर आहेत ना?